ऑफिस कॉपी

पाठ समुद्राकडे करून बसावं लागतं.
पाहुण्यांना हे पटत नाही,
त्यांच्या मते बघण्यासारखं सगळं पश्चिमेला.
पण वद्य त्रयोदशीची कोर
खाडीपलीकडच्या सड्यावरून वर येते,
पाच वाजायच्या आत,
आणि तिच्या डोक्याशी शुक्र.

नाट्याच्या बर्फ फॅक्टरीतली माझी रात्रपाळी
सव्वापाचला सुटते म्हणायची.
कॉम्प्रेसर ढणढणतच असतो,
अमोनियाचा वास शर्टातून घरापर्यंत येतो.
मधल्या फटीत मी धक्क्याच्या पायरीवर,
मांडीवर बिलबुक, त्यावर वहीचा कोरा कागद.

आधी काहीच काढायचं नाही.
हात लांब करून मोजायचं:
कोरेच्या वरच्या टोकापासून शुक्रापर्यंत
तीन बोटं आणि एक नख.
सड्यापासून कोर वीतभर.
मग खुणेला माडाचा एक शेंडा,
जो पाच मिनिटांत खोटा ठरतो,
कारण तो जागच्या जागी
आणि ती दोघं चढतायत.

कोर काढायची नसते, हे मला उशिरा कळलं.
पंधरा-सोळा कागद त्यात गेले,
प्रत्येकावर एक कापलेलं नख.
काढायचा तो अंधार,
पेन्सिल दाबून, कडेकडेनं आत येत,
आणि हात जिथं थांबेल तिथं कागद राहू द्यायचा.
शुक्राला तेवढीही जागा नाही,
तांदळाची कणी.
दोनदा तो माझ्या घामानं बुजला.

आणि कोरेच्या कुशीत उरलेला चंद्र,
तो असतो. नीट बघितलं तर दिसतो.
बर्फाची लादी कडेनं काचेसारखी गोठते
आणि मधोमध एक धुरकट पट्टा राहून जातो ना,
तो रंग.
तो माझ्या रोजच्या ओळखीचा.
त्याला पेन्सिल लावत नाही,
बोटानं घासून आणतो.

त्या दिवशी लतीफ तांडेल लवकर आला.
खांद्यावरून वाकून बघत म्हणाला,
"हा चांद कोण बघतो रे?
येणाऱ्यासाठी आम्ही सगळे गच्चीवर.
हा तर निघालेला."
मग स्वतःच बघत राहिला
एका हातात लुंगी धरून,
लाँचवरून खलाशी हाका मारत असताना.
"ती चांदणी पण सोडत नाही हां त्याला."
उद्या सोडेल, मी म्हटलं.
उद्या हा खाली, ती इथंच.
"मग नीट काढ," म्हणाला,
"आणि बारा लाद्या दे."

घाईघाईत कागद बाजूला ठेवला,
खालच्या बिलावर लाद्या लिहिल्या, फाडून दिलं.
कार्बन आधीपासून आत होता, हे ध्यानातच नाही.

महिनाअखेरीला हिशेबाच्या आयरेबाईंनी आत बोलावलं.
बिल नंबर चारशे अठरा, ऑफिस कॉपी.
कागदभर निळा काळोख,
त्यात एक कणी पांढरी,
आणि तिच्याखाली
अख्खा, वाटोळा, भरलेला चंद्र.
त्याच्यावरून आडवं माझ्या अक्षरात:
लाद्या बारा, रोख.

"हे काय?"
त्रयोदशी, मी म्हटलं.
"ही पौर्णिमा आहे."
मी बघत राहिलो.
बोटानं घासलेलं कार्बनला कळलं नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला,
कागद खिडकीशी नेला, परत आणला.
पंचिंग मशीन नेहमीच्या जागेवरून
बोटभर सरकवून भोकं पाडली,
फाईल बंद केली,
आणि चारशे एकोणिसावर
सही राहिली म्हणून मला बोलल्या.

मूळ चित्र माझ्याकडे नाही.
त्या घाईत ते ओल्या लादीवर ठेवलं होतं,
चिकटलं असणार.
लतीफच्या खणात,
बांगड्यांच्या आधी,
गेलं असणार पश्चिमेला.